छाटणीचा विवेक

दौंड हे रेल्वेचे गाव. येथील कित्येक कुटुंबे बदलीच्या हुकमाबरोबर येतात आणि बदलीच्या हुकमाबरोबर जातात. काही वर्षांपूर्वी असेच एक कुटुंब गाव सोडताना आपली माशांची काचेची टाकी आमच्या स्वाधीन करून गेले. “फादर, मासे कुठेही मिळतील, पण ही झाडं आम्ही पाच वर्षं वाढवलीत. तेवढी सांभाळा,” असे त्या घरच्या बाईंनी जाताना सांगितले. ती टाकी आम्ही व्हरांड्यात ठेवली. पुढे आमची नेमणूक शिरूरला झाली, तेव्हा तीही आमच्याबरोबर घोड नदीच्या काठी आली. त्या टाकीने आम्हांपुढे एक प्रश्न उभा केला, तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. जिवंत वस्तूवर कात्री चालविणे ही क्रूरता की करुणा?

आरंभी आमचे उत्तर ठरलेले होते. जे वाढते आहे त्याला वाढू द्यावे. आपण कोण कापणारे? व्हॅलिस्नेरियाची फितीसारखी पाने पृष्ठभागावर येऊन आडवी पसरली, हायड्रिलाचे दांडे एकमेकांत गुंतले, तरी आम्ही हात लावला नाही. भरीस भर म्हणून भीमेच्या पात्रातून आणलेली जलपर्णीची एक जुडी आम्ही त्या पाण्यात सोडली होती. तिच्या जांभळ्या तुऱ्याचा आम्हास मोह पडला होता. व्हरांड्यातले ऊन तिला मानवले आणि बघता बघता सारे पाणी तिने झाकले. येणारेजाणारे हिरवाईचे कौतुक करीत आणि आम्हीही सुखावत असू.

एके दिवशी पहाटेच्या मिस्सापूर्वी पाहतो तो सारे मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून हवा घेत आहेत. चार मेलेले होते. कारण पुढे कळले. वनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू देतात, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. परंतु रात्री त्याही माशांप्रमाणेच प्राणवायू घेतात. वरच्या दाट थरामुळे खाली उजेड पोहोचेनासा झाला होता, खालची पाने कुजत होती आणि त्या कुजण्यातही प्राणवायू खर्ची पडत होता. म्हणजे ज्या हिरवाईचे कौतुक चालले होते, तीच आत गुदमरवत होती. आम्ही जिला दया म्हणत होतो तो वस्तुतः आमचा आळस होता. दयेचे वस्त्र पांघरलेला आळस ओळखणे कठीण असते, कारण त्याबद्दल कोणी दोष देत नाही.

वेदीसेवा करणाऱ्या एका मुलाने आम्हास छाटणी शिकविली. त्याच्या घरी टाकी होती. हायड्रिलासारख्या दांड्याच्या झाडाला पेराच्या किंचित वर कापावे. पेरातून नवे फुटवे येतात आणि कापलेला शेंडा वाळूत रोवला तर त्याचे स्वतंत्र झाड होते. व्हॅलिस्नेरियाचे पान मात्र मध्ये कापू नये, कापलेली कड कुजते. जुने पान बुडाशी काढावे आणि आडव्या धावणाऱ्या फुटव्यांतून आलेली जास्तीची रोपे विरळ करावीत. ज्या झाडाची सारी पाने एकाच गाभ्यातून येतात, त्याच्या गाभ्याला कधीही कात्री लावू नये; तेथे पुन्हा फुटणार ते काय? एका वेळी साऱ्या झाडोऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. तरंगणारे तुकडे लगेच गोळा करावेत, आणि चौथा हिस्सा पाणी बदलावे तेही एक दिवस उघडे ठेवलेले.

आमच्या भागातील द्राक्षबागाईतदारास यात नवल वाटणार नाही. तो वर्षातून दोनदा वेलीला हात घालतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी, ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. संत योहानाच्या शुभवर्तमानातील द्राक्षवेलीच्या दाखल्यात छाटण्यासाठी जे मूळ ग्रीक क्रियापद आहे, त्याचा अर्थ ‘स्वच्छ करणे’ असाही होतो. परंतु त्याच प्रभूने गव्हातले निदण उपटण्यास धावलेल्या चाकरांना थांबविल्याचा दाखलाही सांगितला आणि वांझ अंजिराला आणखी एक वर्ष मागून घेणाऱ्या माळ्याचाही. तेव्हा कापावे की थांबावे याचे एकच एक उत्तर शास्त्रातही नाही. उत्तर विवेकाने शोधावे लागते.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. शिरूरच्या गायकवृंदात एक तरुण होता. आवाज उत्तम, पण रविवारी सरावाला नेहमी उशीर. एकदा आम्ही सर्वांसमक्ष त्याला बोललो आणि वृंदातून काढले. शिस्तीसाठी हे आवश्यक आहे, असे आम्ही स्वतःस समजावले. तो पुन्हा चर्चमध्ये दिसला नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत तो शनिवारी रात्रपाळी करून थेट सरावाला येत असे, हे आम्हास पुष्कळ महिन्यांनी समजले. आम्ही पेराच्या वर कापले नव्हते. गाभ्यात कात्री घातली होती. संत थॉमस अक्वायनस यांनी बंधूची चूक दाखविण्याची गणना प्रीतीच्या कृत्यांत केली आहे. मात्र त्याने तो बंधू अधिकच बिघडणार असेल तर थांबावे, असेही ते सांगतात. आम्ही हे सेमिनरीत शिकलो होतो. समजले मात्र त्या मुलाच्या रिकाम्या जागेकडे पाहताना.

म्हणून आता कात्री उचलण्यापूर्वी आम्ही स्वतःस तीन प्रश्न विचारतो. हे कापणे त्या जिवाच्या व त्याच्या सोबत्यांच्या हितासाठी आहे, की आमच्या डोळ्यांच्या सोयीसाठी? जेथे कापतो तेथून पुन्हा फुटण्यास जागा उरते काय? आणि कापलेले कोठे जाणार?

हा तिसरा प्रश्नही त्या मुलानेच शिकविला. छाटलेली बादली घेऊन आम्ही नदीकडे निघालो, तेव्हा त्याने हात धरला. “फादर, ती जलपर्णी आहे. एक तुकडासुद्धा नदीत नको.” खरेच आहे. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. फुलाच्या मोहाने माणसांनी ती देशोदेशी नेली. बंगालात तिने इतका उच्छाद मांडला की १९३६ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. उलट आपल्याकडे साधी वाटणारी हायड्रिला १९५०च्या दशकाच्या आरंभी श्रीलंकेतून टाकीतील शोभेसाठी अमेरिकेतील फ्लोरिडाला गेली, तेथील कालव्यांत टाकली गेली आणि तिने जलमार्ग तुंबविले. कोणाचीही इच्छा वाईट नव्हती. कोणीतरी फक्त बादली रिकामी केली होती.

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शिवेवर, रांजणगाव सांडसजवळ, मुळा-मुठा भीमेला मिळते. शहरांचे सांडपाणी तिच्याबरोबर येते आणि त्यातील खतावर जलपर्णी पोसते. अनुकूल पाण्यात ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. यंत्रे लावून ती काढतात, ते करावेही लागते. परंतु वरून येणारी घाण थांबत नाही तोवर ते घरचा आजार सोडून लेकराला मारण्यासारखेच आहे. काही वेळा छाटण्यासारखे झाडात काही नसते. दोष आपण ओतलेल्या पाण्यात असतो. आपल्या घरांतही हे होते. मुलाचे वाढलेले हट्ट कापू पाहणाऱ्या पालकांनी त्याला काय पाजले, हे आधी पाहावे.

आम्ही ती जलपर्णी उन्हात पूर्ण वाळवली आणि आवारातील जांभळीच्या आळ्यात पुरली. दर पंधरवड्याला टाकीची छाटणी करतो. आणि मागच्या नाताळापूर्वी त्या तरुणाच्या दारी जाऊन क्षमा मागून आलो. त्याने चहा दिला, फारसे बोलला नाही. वृंदात तो अद्याप आलेला नाही. गाभ्यात झालेली जखम भरण्यास किती काळ लागतो हे आम्ही ठरवू शकत नाही. त्याची जागा मात्र आम्ही कोणास दिलेली नाही.