पीळ, मुरड आणि पोचा

दिवाळीपूर्वीची आवराआवर म्हणजे घरातल्या वस्तूंची वार्षिक परीक्षाच. परवा माळ्यावरची भांडी खाली उतरली, त्यांत आजीचा पितळी तांब्या निघाला. पोटाला मोठा पोचा, काठ एका अंगाला दबलेला, आणि बैठक अशी की, जमिनीवर ठेवावा तर आल्यागेल्याला नमस्कार करीत असल्यासारखा कलतो.

"हा आता मोडीत द्यावा म्हणते," सौ. म्हणाली.

मी काहीच बोललो नाही. संध्याकाळी ती सुनेला घेऊन करंज्या करायला बसली. सून कातण्याने कडा कापू लागली, तशी सौ. म्हणाली, "कातण्याने काय, कोणीही करील. मुरड घालता आली पाहिजे." आणि तिची बोटे करंजीच्या चांगल्या सरळ कडेला दुमडीत, पिळीत भराभर पुढे सरकू लागली.

मला गंमत वाटली. सकाळी तांब्याचा आकार बिघडला म्हणून तो मोडीत निघत होता. संध्याकाळी करंजीची कड वेडीवाकडी केल्याखेरीज ती पुरी होत नव्हती! पाय मुरडला तर आपण हळद-तेल शोधतो, आणि करंजीला मुरड पडली तर शाबासकी देतो. दुधाचेही तेच. उन्हाळ्यात आपोआप फाटले की दूध 'नासले'. रात्री ताकाचा थेंब घालून आपणच त्याचे दूधपण घालवले, तर ते 'विरजले'. दोन्ही वेळी दूध दूध राहिलेले नाही. पण एक आपल्या मनाविरुद्ध झाले आणि दुसरे आपल्याला हवे होते. म्हणजे हे शब्द वस्तूचे जेवढे वर्णन करतात, तेवढेच आपल्या इच्छेचेही करतात.

सोलापूरकराला हे निराळे सांगायला नको. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तेव्हापासून या गावाने पिळावर पोट भरले आहे. कापसाचा तंतू तो केवढा! बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब. नुसते तंतू शेजारी शेजारी ठेवले तर फुंकरीने उडतील. त्यांना पीळ दिला की ते एकमेकांना धरतात, त्याचे सूत होते आणि सुताची चादर. पीळ फाजील झाला, तर मात्र तेच सूत स्वतःभोवती वेटोळी घालून बसते. मग जाणता कारागीर काय करतो? तसेच दुसरे सूत घेऊन दोघांना उलट्या दिशेने एकत्र पिळतो. दोघांचा हट्ट एकमेकांत जिरतो आणि धागा शांत होतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण नाक मुरडून म्हणतो खरे; पण सोलापुरी चादरीचे सारे टिकाऊपण त्या पिळातच आहे.

इथवर गोष्ट स्वयंपाकघराची आणि मागाची होती. हेच शब्द माणसावर येऊन बसतात, तेव्हा मात्र गंमत संपते.

१८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. काही जमातींत जन्माला येणे हाच गुन्हा ठरला. त्यांची नावे दप्तरात लिहिली गेली, हजेऱ्या सुरू झाल्या, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत झाली. ती 'सेटलमेंट'. तिथली माणसे दिवसा गिरणीत सुताला पीळ देत आणि पुन्हा कुंपणाआड परतत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. पण तार कापता येते, शब्द कापता येत नाही. वस्तीचे नाव सेटलमेंटच राहिले. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ सालच्या आत्मकथनाचे नाव 'उचल्या' आहे. जगाने जमातीवर मारलेला शिक्काच त्यांनी मुखपृष्ठावर ठेवला.

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. कायदा रद्द होऊन दहा-बारा वर्षे झाली असतील. माझी नवी कंपासपेटी हरवली. मास्तरांनी वर्गात विचारले, "कोणी घेतली?" कोणी बोलले नाही, पण साऱ्या वर्गाच्या माना एकाच बाकाकडे वळल्या. तिथे सेटलमेंटमधला एक मुलगा बसत असे. मास्तरांनी त्याचे दप्तर उपडे केले. दोन पुस्तके, एक वही आणि फडक्यात बांधलेली भाकरी. पेटी संध्याकाळी माझ्याच घरी, उशीखाली सापडली. दुसऱ्या दिवशी मी ते कोणालाच सांगितले नाही. काही दिवसांनी तो मुलगा शाळेत यायचा बंद झाला. कशामुळे, ते मला ठाऊक नाही. असे 'ठाऊक नाही' म्हणताना आजही माझा आवाज खाली येतो.

त्या वर्गात वाकडे कोण होते?

मग काय, जगात कोणाला वाकडे म्हणूच नये? तसेही नाही. दुधात पाणी घालणाऱ्याला आणि वजनात मारणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण आपल्या भाषेने दोन वाटा ठेवल्या आहेत. 'तो वाकडे वागला' ही एक आणि 'तो वाकडाच' ही दुसरी. पहिलीत कृत्याचा निवाडा आहे आणि उद्या सरळ वागायला जागा आहे. दुसरीत जागाच नाही. माणूस मोडीत निघाला. याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला वेशीची भिंत कोसळून ज्यांचा अंत झाला, त्या चोखोबांच्या एका अभंगात 'डोंगा' असा शब्द येतो. डोंगा म्हणजे वाकडा. ऊस, धनुष्य आणि नदी यांच्या वाकडेपणाला जग भुलते, असे ते म्हणतात आणि शेवटी तोच शब्द स्वतःला लावून घेतात. जगाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांनी जगाला विचारलेला तो प्रश्न आहे.

मुरडणे याचा आणखी एक अर्थ आहे, मागे वळणे. गौरी जायला निघाल्या की त्यांना मुरडीचे कानवले देतात, ते त्यांनी मुरडून पुन्हा यावे म्हणून. वळलेल्याला परत येता यावे, एवढी सोय त्या शब्दात आहे. 'मोडीत' या शब्दात ती नाही.

तांब्या मी मोडीत दिला नाही. भांडी दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने आतून लोखंडी दांडा लावून, बाहेरून हलके हलके ठोकून पोचा काढला. "पितळ चांगलं आहे, मालक," तो म्हणाला, "पण खूण राहणार." खूण राहिली आहे. तांब्या अजूनही थोडा कलतो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिले पाणी त्याच तांब्याने घ्यायचे, असे मी ठरवले आहे. त्यात वाकून पाहिले. तांब्या कललेला असला, तरी आतले पाणी समपातळीतच होते.