भिक्षूचे ओझे
बौद्ध भिक्षूच्या सामानाची यादी आठ वस्तूंत संपते: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके. जास्तीचे पात्र १० दिवसांपलीकडे जवळ ठेवणे विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, दोष ठरते. जुन्नरची लेणी मात्र अवघड प्रश्न उभा करतात. नाणेघाटाच्या व्यापारी वाटेलगत लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी या डोंगरांतले शिलालेख लेणी, पाण्याची टाकी, जमिनी आणि कारागिरांच्या श्रेणींकडील (व्यावसायिक संघटनांकडील) ठेवी यांचे दान नोंदवतात. भिक्षू निष्कांचन, संघ सधन! विनयाचे उत्तर कायदेशीर आहे, काहीसे चलाखही: विहार आणि जमीन साऱ्या संघाची, ती कोणा एका भिक्षूला वाटून देता येत नाही. त्यामुळे पावसाळ्याचा वर्षावास संपला की भिक्षू आठच वस्तूंनिशी घाट उतरू शकत असे. टाकी आणि ठेवी मागे राहत.