स्वतंत्रपूर: आधी विश्वास की आधी पात्रता?

गुन्हेगार सुधारल्यावर त्याच्यावर विश्वास टाकायचा, की तो सुधारावा म्हणून आधीच टाकायचा? दंडनीतीतल्या या जुन्या प्रश्नाला औंध संस्थानाने १९३९ साली धाडसी उत्तर दिले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झालेले त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या विचारातून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागची प्रेरणा हीच.

शिक्षेची समर्थने साधारणतः तीन: केल्याचे फळ, इतरांना जरब आणि गुन्हेगाराची सुधारणा. पहिल्याच्या बाजूने कर्मसिद्धान्त पुढे केला जातो. पण प्रारब्ध भोगावे लागले, तरी क्रियमाण, म्हणजे आत्ता घडत असलेले कर्म, माणसाच्या हाती असते, हेही तोच सिद्धान्त सांगतो. बंद तुरुंगात भोग पुरा होतो. वाईट करण्याची वाट मात्र बंद असल्यामुळे चांगले वागण्याचीही कसोटी लागत नाही.

स्वतंत्रपुरात कैदी शेती करतो आणि बायकामुलांसह राहतो. हा तपशील फार मोलाचा आहे. वाल्या कोळ्याच्या कथेत घरच्यांनी त्याच्या पापात वाटा घ्यायला नकार दिला आणि त्या नकाराने त्याचे डोळे उघडले. इथे ज्यांनी काहीच गुन्हा केलेला नाही, अशी माणसे आपण होऊन कैद्याच्या शिक्षेत राहायला येतात. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळी परततो तो त्यांच्याकडे.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. कुटुंब हीच बेडी ठरत असेल, तर याला विश्वास कसा म्हणायचा? मात्र तुरुंगाबाहेरचा सज्जन तरी निराधार पोकळीत सज्जन असतो का? घर, शेजार आणि नाव यांचा धरबंध त्यालाही असतोच. तेव्हा गुन्हेगाराला ते धागे परत देणे ही फसवणूक ठरत नाही. नीतीची जमीनच त्याला परत मिळते.

दुसरा आक्षेप पीडिताच्या घरातून येतो आणि तो इतक्या सहज सुटत नाही. मुक्त वसाहतीत शिक्षा माफ होत नाही, तिचे रूप बदलते, एवढेच त्या घराला सांगता येते. ज्याचा माणूस गेला त्याला हे पुरेसे वाटेलच असे नाही, आणि तसे वाटावे असा आग्रहही धरता येत नाही.

आधी विश्वास टाकण्याची हीच वाट औंधाने आपल्या प्रजेबाबतही धरली. १९३९ सालीच गांधीजींच्या सल्ल्याने तिथे ग्रामपंचायतींच्या पायावर उभे राहिलेले स्वराज्याचे संविधान आले. खेडुतांनी पूर्ण तयार झाल्यावरच कारभार मागावा, ही अट तिथे मोडली. कारभार करणे हेच शिक्षण मानले गेले. १९४८ साली अप्पासाहेब ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले, तेव्हा तीच अट वसाहतवादी भाषेत समोर आली: आफ्रिकी लोकांनी आधी लायक व्हावे, स्वराज्याचे नंतर पाहू. आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी जोडलेले स्नेहसंबंध तिथल्या सरकारला खुपले.

कैदी आणि पारतंत्र्यातली प्रजा यांना मात्र एका मापाने मोजता येत नाही. कैद्याने विश्वास मोडलेला असतो, म्हणून त्याला तो पुन्हा देण्यात औदार्य आहे. प्रजेने काहीच मोडलेले नसते. तिच्याकडे पात्रतेचा पुरावा मागणे हाच अन्याय आहे.