मिशन कोणाचे? बासेल, हुबळी आणि देवाचे प्रेषितकार्य

जगाच्या उद्धाराचे कार्य मुळात देवाचे आहे आणि मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय, त्यात केवळ सहभागी होते, हा विचार ‘देवाचे प्रेषितकार्य’ (लॅटिनमध्ये ‘मिसिओ देई’) या नावाने विसाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मचिंतनाच्या केंद्रस्थानी आला आणि त्याचा एक धागा हुबळी-धारवाडपर्यंत पोहोचतो. स्वित्झर्लंडमध्ये १८१५ साली स्थापन झालेल्या बासेल मिशनचे प्रचारक १८३४ मध्ये मंगळूरला पोहोचले आणि १८३७ मध्ये धारवाडला, तर १८३९ मध्ये हुबळीला त्यांनी ठाणी उघडली. ही संकल्पना मिशनविषयक चर्चेत रुजवणारा जर्मन धर्मपंडित कार्ल हार्टेनस्टाइन १९२६ ते १९३९ या काळात याच संस्थेचा संचालक होता.

पवित्र शास्त्रात या विचाराचा आधार ठिकठिकाणी सापडतो. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाला निवडताना देव पृथ्वीवरील सर्व कुळांच्या आशीर्वादाचे वचन देतो, यशयाच्या ग्रंथातील सेवक इस्राएलापुरता न राहता राष्ट्रांचा प्रकाश ठरतो आणि योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित ख्रिस्त, पित्याने आपल्याला पाठवले त्याच रीतीने शिष्यांना पाठवतो. पिता पुत्राला आणि पवित्र आत्म्याला पाठवतो, हेच प्राचीन धर्मशास्त्रात प्रेषण होते आणि ते त्रैक्याच्या, म्हणजे एकाच देवाच्या तीन व्यक्तींच्या, सिद्धांताचा भाग होते. माणसांनी दूरदेशी जाऊन केलेल्या धर्मप्रसाराला ते नाव सोळाव्या शतकात जेझुइटांच्या, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या, काळात मिळाले. एकोणिसाव्या शतकातील प्रोटेस्टंट संस्थांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येणारी, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची आज्ञाच प्रमुख मानली, त्यामुळे मिशन हे आज्ञापालन झाले आणि आज्ञा पाळणाऱ्यांच्या हाती त्याचे हिशेब, ठाणी व अहवाल आले.

हुबळीतील आरंभीच्या काळात या समजुतीला धक्का देणारा एक प्रसंग घडला. १८४० च्या सुमारास ‘कालज्ञान’ नावाच्या भविष्यवाणीपर ग्रंथांवर श्रद्धा ठेवणारे काही लोक आपल्या परंपरेत भाकीत केलेले गुरू हेच असावेत, या अपेक्षेने मिशनऱ्यांकडे आले आणि त्यांच्यासाठी गदगजवळ मलसमुद्र येथे शेतीची वसाहत उभारण्यात आली. परंतु सामुदायिक धर्मांतराची आशा फळास आली नाही. हा प्रयोग अपयशी म्हणून नोंदवला जातो, पण खरा प्रश्न निराळा आहे: ज्या अपेक्षेने हे लोक आले, तिच्यात देव आधीपासून काही करत होता काय? प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी जाणाऱ्या प्रेषित पेत्राला हाच पेच पडतो आणि तेथे कर्नेल्याइतकेच पेत्राचेही परिवर्तन होते. हुबळीच्या मिशनऱ्यांनी मात्र पाहुण्यांना प्रामुख्याने धर्मांतराचे उमेदवार म्हणूनच पाहिले.

१८५३ मध्ये भारतात आलेला आणि धारवाड-हुबळी भागात राहिलेला फर्डिनांड किटेल अधिक ग्रहणशील होता. ख्रिस्तचरित्र देशी छंदांमध्ये सांगणारी ‘कथामाले’ त्याने १८६२ मध्ये रचली, जुन्या कन्नड व्याकरण व छंदःशास्त्राच्या ग्रंथांचे संपादन केले आणि १८९४ मध्ये कन्नड-इंग्रजी शब्दकोश सिद्ध केला. प्रशासनात मराठीचे वजन असलेल्या मुंबई इलाख्यातील या जिल्ह्यात हे कन्नडप्रेम सोयीचे नव्हते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

पहिल्या महायुद्धात जर्मन प्रचारक शत्रुपक्षाचे ठरून मिशनची घडी मोडली आणि १९४९ नंतर चीनमधूनही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना बाहेर पडावे लागले. या पार्श्वभूमीवर १९५२ मध्ये जर्मनीतील विलिंगेन येथील मिशनविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने मिशनचा उगम त्रैक्याच्या देवात शोधला आणि हार्टेनस्टाइनने त्या परिषदेचा अर्थ लावताना ‘मिसिओ देई’ हा शब्दप्रयोग वापरला. पराभूत संस्थेने आपले काम देवाच्या नावावर टाकून समाधान मिळवले, अशी शंका येथे घेता येते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. मात्र बासेलने एकेकाळी ज्या अधिकाराने ठाणी चालवली तोच अधिकार ही संकल्पना काढून घेते, म्हणून तिला निव्वळ सोयीची म्हणता येत नाही.

अडचण पुढेच आहे. देव मंडळीबाहेरही कार्य करतो हे मान्य केल्यावर मंडळीचे प्रयोजन काय उरते? डच विचारवंत होकेनडाइक याने जगाला इतके प्राधान्य दिले की मंडळी केवळ एक दुय्यम साधन राहिली. महाराष्ट्रात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी हाच प्रश्न या चर्चेच्या कितीतरी आधी आचरणातून हाताळला होता: १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. संस्थेविना शिष्यत्व कसे टिकवावे, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले नाही. पण बाप्तिस्म्याची सीमा हीच देवाच्या कार्याची सीमा मानण्यास त्याने नकार दिला आणि ज्या धारवाडमध्ये आज चर्च ऑफ साउथ इंडियाच्या उत्तर कर्नाटक धर्मप्रांताचे मुख्यालय आहे, तेथील मंडळीलाही आपल्या लिंगायत व मुस्लिम शेजाऱ्यांसमवेत राहताना हीच सीमा कोठे आखावी, हे ठरवावे लागते.