चेहरा शेवटी पाहा

डोळे मिटा. हैदराबादच्या अफझलगंजला ट्रॅव्हल्सच्या कचेऱ्यांसमोर, बोचकी सांभाळत बसची वाट पाहणाऱ्यांत मनानं जाऊन उभे राहा. पलीकडे मुशी, तिच्या काठावर उस्मानिया हॉस्पिटलचे घुमट.

१६ जानेवारी २०२५ ला बीदरमध्ये एटीएमच्या रोकड गाडीवर गोळ्या झाडून पैसे पळवणारे दोघे त्याच दिवशी इथे आले. रायपूरला जायचं म्हणाले, आणि संशय येताच ट्रॅव्हल्सच्या माणसावर गोळी झाडली. सीसीटीव्हीतली त्यांची चित्रं लगेच मोबाइलवर फिरली. तुम्हीही त्यातलं एक बोटानं मोठं करून पाहिलं असेल. ते आता खाली ठेवा.

त्याऐवजी पोलिसांच्या दप्तरातला एक जुना, पिवळा पडलेला फोटो घ्या. पॅरिसच्या पोलीस खात्यातल्या बर्तियाँनं १८८० च्या दशकात रीत घालून दिली: एक समोरून, एक बाजूनं, अंतर आणि उजेड ठरलेला. कडेपासून सुरुवात करा. मागची भिंत. सदऱ्याचं बटण, असलं तर. केस विंचरलेत, म्हणजे कुणीतरी कंगवा दिला असेल. खांदे ताठ आहेत की पडलेले? हे सगळं निकालाआधीचं आहे. इथे थोडं थांबा.

आता डोळे. तो कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे पाहतोय, आणि त्या जागी सध्या तुम्ही आहात. काय केलं असेल यानं, हा प्रश्न उठेल. उठू द्या, उत्तर मात्र देऊ नका.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ते उत्तर आधीच देऊन टाकलं होतं. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. पारध्याच्या घरी जन्मणं हाच पुरावा. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. नजर गेली असं मला वाटत नाही.

आणखी एकच फोटो. न्यूयॉर्कमध्ये गुन्ह्यांच्या जागी पोलिसांच्या मागोमाग धावणारा छायाचित्रकार विजी, १९४१, ब्रुकलिन. खून झालाय, पण प्रेत चौकटीत नाहीच. आहे ती बघ्यांची गर्दी: शाळकरी पोरं, ढकलाढकली, एक चक्क हसतंय. मधोमध रडणारी बाई मृताच्या नात्यातली. प्रत्येक चेहऱ्यावर एक श्वासभर थांबा, हसऱ्यावरही. त्या गर्दीत कुठे उभे राहिला असता? मागे, असं म्हणाल. पण मागून काही दिसत नाही.