दाराची दुसरी बाजू

सन २००२ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी ‘डोअर टू डोअर’ नावाचा एक चित्रपट तयार झाला. पुढील वर्षी त्याला सहा एमी पुरस्कार मिळाले. बिल पोर्टर ह्या खऱ्या माणसाची ही कथा आहे. त्याचा जन्म १९३२ चा. जन्मापासून मेंदूचा पक्षाघात, त्यामुळे बोलणे अडखळते, चालणे वाकडे आणि उजवा हात जवळजवळ निकामी. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात तो आपल्या आईसह राहत असे. हा इसम नोकरीस अपात्र आहे, असा निर्वाळा सरकारी कचेरीने दिला होता. घरी बसून भत्ता घ्यावा, ही वाट त्याला मोकळी होती. ती न पत्करता त्याने वॉटकिन्स कंपनीकडे फिरत्या विक्रेत्याचे काम मागितले. कंपनी राजी होईना, तेव्हा ज्या वस्तीत जायला दुसरा कोणी तयार नाही ती मला द्या, असे त्याने सांगितले. पुढे कित्येक दशके दारोदार हिंडून त्याने मसाले, व्हॅनिलाचा अर्क, मलम, साबण विकले. ह्या व्यवसायात त्याने नावही मिळवले. सन २०१३ मध्ये तो वारला.

विल्यम मेसी ह्या नटाने त्याची भूमिका केली आहे. चित्रपटात आई त्याच्या डब्यातील सँडविचवर ‘धीर’ आणि ‘चिकाटी’ हे शब्द लिहून देते. प्रेक्षक तेच दोन शब्द घेऊन घरी जातात. युवक मेळाव्यांतून व शाळांतून असे चित्रपट दाखवण्याची आपल्याकडेही प्रथा आहे. दिवे लागले की मुले डोळे पुसतात, आणि कोणीतरी उठून म्हणतो, “ह्याला जर हे जमते, तर धडधाकट असलेल्या आपल्याला काय अवघड आहे?”

ह्या वाक्याविषयी मला शंका आहे. त्यात पोर्टर हा माणूस उरत नाही. तो आपल्या आळसावरचे औषध होऊन जातो. शिवाय सगळा बोध आपण चुकीच्या माणसाला देऊन मोकळे होतो. धीर आणि चिकाटी दाराबाहेर उभ्या असलेल्याने धरायची. दाराच्या आत जो आहे त्याने काय धरायचे? पोर्टरच्या कथेतले निम्मे लोक दाराच्या आत आहेत. कोणी त्याचे बोलणे पुरते न ऐकताच दार लावून घेतात, कोणी हातावर पैसे ठेवू पाहतात. कोणी मात्र यादी हाती घेऊन विचारतात, हा साबण मागच्यापेक्षा चांगला आहे काय? माझ्या मते खरा नैतिक प्रश्न ह्या तिसऱ्या प्रकारच्या माणसाने सोडवलेला आहे, आणि त्याच्यावर कोणी चित्रपट काढत नाही.

आपल्या वाचकांसाठी ह्या प्रश्नाचे उदाहरण पोर्टलंडमध्ये शोधण्याचे कारण नाही. नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याला लागले की शंभरेक किलोमीटरवर वरोरा लागते. सन १९५१ मध्ये बाबा आमटे आणि साधनाताई ह्यांनी तेथील खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन वसवले. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिचा पुढचा भाग मात्र तितका सांगितला जात नाही. रोग्यांनी झुडपे तोडली, दगड फोडले, विहीर खणली आणि भाजीपाला पिकवला. खाऊन उरेल एवढी भाजी झाली, तेव्हा ती विकायची ठरली. वरोऱ्यात ती कोणी घेईना.

येथे क्षणभर थांबावे. कष्ट झाले होते, पीक आले होते, भाजी ताजी होती. धीर आणि चिकाटी ह्यांत कोणती उणीव होती? गावातले लोकही काही दुष्ट नव्हते. ह्यांपैकी पुष्कळांनी रोग्याच्या थाळीत नाणे टाकले असेल. नाणे वरून टाकता येते, स्पर्श करावा लागत नाही. वांगी घरात न्यावी लागतात, चिरावी लागतात, मुलांना वाढावी लागतात. दान देणाऱ्याला अंतर राखता येते. विकत घेणाऱ्याला ते राखता येत नाही, आणि म्हणून दानाला तयार असलेले गाव खरेदीला तयार नव्हते.

पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ह्या संघटनेचे निरनिराळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले. पिएर सेरेसोल ह्या स्विस शांततावाद्याने पहिल्या महायुद्धानंतर ही संघटना स्थापन केली होती. त्या तरुणांनी रोग्यांच्या बरोबरीने बांधकाम केले आणि त्यांच्याच हातचे अन्न खाल्ले. हे पाहून गावाची भीती हळूहळू ओसरली आणि भाजी खपू लागली. परक्या देशांतील पाहुणे जेवले म्हणून आपल्या शेजाऱ्याची भाजी आपल्याला शुद्ध वाटली, ही गोष्ट आपल्या समाजाला फारशी भूषणावह नाही. पण घडले ते असे.

दान माणसाला दुबळे करते, काम त्याला घडवते, ही बाबा आमटे ह्यांची भूमिका होती. मात्र काम माणसाला घडवते ते कामाचे फळ कोणी घेतले तर. न खपलेली भाजी सडते, आणि ती पिकवणाऱ्याला आपण पुन्हा भिकारी झालो असे वाटते.

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस शिकवले गेले, तेव्हा त्यांच्या ग्रंथाच्या मांडणीकडे मी फारसे लक्ष दिले नव्हते. पुढे ते गेले. भिक्षादानाचा विचार त्यांनी प्रीतीच्या प्रकरणात केला आहे, खरेदी-विक्रीचा विचार न्यायाच्या प्रकरणात. व्यवहार उभय पक्षांच्या हितासाठी असतो, म्हणून त्यात दोघांची पातळी सारखी असावी लागते. अपंग विक्रेत्याच्या बाबतीत आपण नेमकी हीच गल्लत करतो. न्यायाच्या जागी आपण दया आणून ठेवतो, आणि दया ही न्यायाहून मोठी असल्यामुळे आपले काही चुकले असे आपल्याला वाटतही नाही.

सदर किंवा मोहननगरातल्या एखाद्या घरी अंध विक्रेता मेणबत्त्या घेऊन येतो. गृहिणी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करते. येथे ती भाव विचारत नाही. मेणबत्ती सरळ जळते की धूर काढते, हेही पाहत नाही. पुडा कपाटात पडतो आणि तेथेच राहतो. ही खरेदी नव्हे. खरेदीच्या वेषातली भिक्षा आहे. विक्रेत्यालाही ते कळते. ज्याची तक्रार कोणी करत नाही, त्याचा माल कोणी वापरत नाही, हे ओळखायला डोळे लागत नाहीत. मेणबत्ती वाईट निघाली तर पुढच्या वेळी त्याला तसे सांगणे, हा त्याचा मान आहे. पोर्टर ज्या कंपनीचा माल विकत असे तिची कीर्तीही अशाच गोष्टीवर उभी होती. एकोणिसाव्या शतकात वॉटकिन्सच्या लिनिमेंटच्या बाटलीवर एक खूण असे. त्या खुणेपर्यंत औषध वापरून गुण न आला, तर पैसे परत. पोर्टरने दारापुढे ठेवला तो आपला वाकलेला देह नव्हे, परत करता येईल असा माल.

अर्थात उपाशी माणसाला हा भेद सांगत बसणे हा क्रूरपणा होईल. दयेपोटी घेतलेल्या पुड्याचे पैसेही त्या संध्याकाळची चूल पेटवतात. बाराव्या शतकातील यहुदी पंडित मायमोनिडीस ह्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. खालची कोणतीही पायरी त्याने काढून टाकली नाही. सर्वांत वरच्या पायरीवर मात्र त्याने असा माणूस ठेवला, जो गरजूला काम देतो, कर्ज देतो किंवा व्यवसायात भागीदार करून घेतो, म्हणजे त्याला पुन्हा मागावेच लागू नये.

ह्याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. मान जर कामातून मिळत असेल, तर ज्याच्याने काहीच होत नाही त्याचे काय? अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ विकायला काही नसते. प्रेरणादायी चित्रपट ह्याविषयी मौन पाळतात, कारण त्यांना यश हवे असते. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ ह्या परिपत्रकात अपंगांच्या कामाच्या हक्काला स्वतंत्र परिच्छेद दिला आहे. पण त्याच परिपत्रकाचा पाया असा, की कामाला मोल येते ते माणसामुळे. माणसाला मोल यायला कामाची गरज नाही. हे दोन्ही एकत्र धरावे लागते. आनंदवनातही वृद्धांना आणि हातपाय थकलेल्यांना घर आहेच. खुद्द बाबा पाठीच्या कण्याच्या विकाराने अनेक वर्षे बसू शकत नसत. उभे राहत, नाहीतर पडून असत. आणि तो स्वावलंबी म्हणून गौरवलेला पोर्टर? आईनंतर त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायला आणि शर्टाची बटणे लावायला शहरातल्या हॉटेलांतील माणसे रोज सकाळी हात लावत. त्याशिवाय त्याचा दिवस सुरूच होत नसे. पूर्ण स्वावलंबी माणूस मला अजून भेटलेला नाही. बिशपमहोदयांच्या घरीही स्वयंपाकी असतो.

कायद्याने काही दारे उघडली आहेत. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाल्या. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ मध्ये रद्द झाली. आपल्या ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातूनही ती तोवर गेली नव्हती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते? ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्दही आला. शब्द गोड आहे. १९९० च्या दशकात चौकाचौकांतून अपंगांना दिलेले टेलिफोन बूथ होते. मोबाईल आला आणि ते गेले. त्यांच्या जागी काय द्यायचे ह्याचा विचार कोणी केल्याचे दिसले नाही. आता तर नव्या सदनिकांच्या फाटकावर विक्रेत्यांना मज्जाव असल्याची पाटी असते. माल येतो, दाराशी ठेवला जातो, आणणाऱ्याचा चेहरा आपण पाहत नाही. पोर्टरने आज काम मागितले, तर तो पहारेकऱ्याच्या पुढे जाऊ शकणार नाही. तो अपंग आहे म्हणून नव्हे. आता कोणीच जात नाही.

वरोऱ्याच्या हकीकतीतील एक गोष्ट सांगायची राहिली. भाजी खपू लागल्यावर दहा-बारा वर्षांनी, १९६० च्या दशकात, आनंदवनाने आपल्याच आवारात महाविद्यालय उघडले. ते रोग्यांसाठी नव्हते. वरोऱ्याच्या आणि आसपासच्या खेड्यांतील मुलामुलींसाठी होते, ज्यांना तोवर उच्च शिक्षणासाठी दूर जावे लागे. ज्या घरांनी ती वांगी नाकारली होती, त्या घरांतील मुले सायकलींवरून त्या फाटकातून आत जाऊ लागली. वर्ग बांधले होते आनंदवनातल्या माणसांनी. त्यांतल्या कित्येकांच्या हातांना पुरती बोटे नव्हती.