परंपरानिष्ठेची कसोटी

परंपरेचा अभिमान मिरविणाऱ्या मनुष्याचे प्रेम खुद्द परंपरेवर आहे, की तिने त्याला मिळवून दिलेल्या मानमरातबावर, या प्रश्नाचा उलगडा बहुधा त्या दिवशीच होतो, ज्या दिवशी त्याच परंपरेचे अधिकृत रक्षक त्याच्याविरुद्ध निकाल देतात. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या धर्मसंस्थेत या कसोटीस जे उतरले, त्यांत डॉ. एडवर्ड बूव्हरी प्यूसी यांचे नाव मला अग्रभागी ठेवावेसे वाटते.

तारुण्यात जर्मनीस जाऊन विद्याध्ययन केलेले आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीच ऑक्सफर्डमध्ये हिब्रूचे राजनियुक्त प्राध्यापक झालेले प्यूसी, 1833 साली न्यूमन, कीबल प्रभृतींनी सुरू केलेल्या चळवळीत सामील झाले. इंग्लंडची धर्मसंस्था हे पार्लमेंटच्या अंमलाखालील एखादे सरकारी खाते नसून, बिशपांच्या अखंड परंपरेने ती थेट ख्रिस्तशिष्यांशी जोडलेली आहे, हा त्या चळवळीचा गाभा होता. आणि प्यूसींच्या विद्वत्तेचे वजन तिला असे काही लाभले की लोक तिच्या अनुयायांना 'प्यूसीपंथी' म्हणू लागले.

मे 1843 मध्ये प्रभुभोजनाच्या संस्कारावर त्यांनी विद्यापीठापुढे एक प्रवचन केले. पश्चात्तापदग्ध मनुष्याला या संस्कारात कोणते सांत्वन लाभते, हा त्याचा विषय होता आणि त्याला आधार प्राचीन धर्माचार्यांच्या वचनांचा होता. तथापि त्याविरुद्ध फिर्याद होताच कुलगुरूंनी नेमलेल्या धर्मपंडितांच्या मंडळाने, प्यूसींची कैफियतही ऐकून न घेता, विद्यापीठाच्या व्यासपीठावरून प्रवचन करण्यास त्यांना दोन वर्षांची मनाई फर्मावली. प्यूसींनी या निर्णयाचा स्पष्ट निषेध नोंदविला, शिक्षा मात्र पुरती भोगली. आणि 1846 साली त्या व्यासपीठावर परतल्यावर पश्चात्ताप आणि पापक्षमा हाच धागा पुन्हा उचलला.

मधल्या काळात त्यांच्यावर काय गुदरले नव्हते? पत्नी 1839 सालीच निवर्तली होती. ज्येष्ठ कन्या ल्यूसी, जिने आजन्म धर्मसेवेचे व्रत घेण्याचा मनोदय केला होता, ती 1844 मध्ये गेली. आणि पुढच्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूमन रोमन संप्रदायात निघून गेले. प्यूसीही त्याच वाटेने जातील अशी अनेकांची अटकळ असताना, ज्या संस्थेने त्यांना दंडिले तिच्यातच ते अखेरपर्यंत, म्हणजे 1882 पर्यंत, राहिले. न्यूमन गेले त्याच ऑक्टोबरात लीड्स येथील कामगारवस्तीत त्यांनी स्वखर्चाने बांधविलेल्या देवालयाची प्रतिष्ठापना झाली. त्यावर दात्याचे नाव नव्हते, केवळ हे मंदिर बांधणाऱ्या पाप्यासाठी प्रार्थना करावी, एवढीच विनंती कोरलेली होती.

धर्मसुधारणेनंतर इंग्लंडच्या धर्मसंस्थेतून लुप्त झालेले व्रतस्थ भगिनींचे जीवन त्यांच्या प्रोत्साहनाने पुन्हा सुरू झाले, आणि 1866 साली लंडनच्या पूर्वभागात पटकीची साथ उसळली तेव्हा हा साठी उलटलेला पंडित स्वतः रोग्यांच्या खोल्यांतून फिरला.

त्यांच्याविषयी एवढा आदर असूनही एक गोष्ट मला मान्य करता येत नाही. बायबलच्या ऐतिहासिक चिकित्सेला त्यांनी जो कडवा विरोध केला, आणि 1864 साली दानिएलच्या ग्रंथावरील पुस्तकात परंपरागत मताच्या समर्थनार्थ जी अफाट विद्वत्ता वेचली, तीत प्रश्न विचारणारा श्रद्धाहीनच असला पाहिजे असे गृहीत धरलेले दिसते. स्वतः आज्ञा पाळण्यात जे तेज असते, ते दुसऱ्याकडून आज्ञापालनाची मागणी करण्यात उरत नाही.

महाराष्ट्राला याचा प्रत्यय आलेला आहे. प्यूसींच्या चळवळीतूनच निपजलेल्या, इंग्लंडमधील वाँटेजच्या व्रतस्थ भगिनींनी आणि काउलीच्या धर्मबंधूंनी पुण्यात पंचहौदाचे मिशन चालविले, शाळा काढल्या, रोग्यांची शुश्रूषा केली. त्याच वाँटेजला 1883 साली पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयी त्यांनी शंका काढताच, त्यांच्यावर मातेसमान माया करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांना धर्मसंस्थेच्या अधिकाराची आठवण करून दिली. संस्थेची आज्ञा आपल्या सदसद्विवेकबुद्धीच्या वर मानण्यास रमाबाईंनी निक्षून नकार दिला. या वादात न्याय रमाबाईंच्या बाजूस होता असे माझे मत आहे. आणि कैफियत न ऐकता झालेल्या शिक्षेचे दुःख ज्यांच्या गुरूने भोगले होते, त्यांनी तरी रमाबाईंचे म्हणणे अधिक धीराने ऐकावयास हवे होते.